बोजारा वेगळा, विक्री वेगळी

पूर्व नागपुरातल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी विचारलंय: हेडसरांनी दिवाळीनंतर नववीला ‘उद्योजकता’ शिकवायला सांगितलं आहे. आठवड्याला दोन तास, वर्गात ४६ मुलं, हातात पैसा शून्य. ‘माझ्या माहेरी-सासरी कुणी साधी पानटपरी चालवली नाही. मुळात हे शिकवता येतं का, की रक्तातच असावं लागतं?’ त्यांचे दीर एका इंजिनिअरिंग कॉलेजात उद्योजकता कक्ष सांभाळतात. तिथं दरवर्षी पोस्टरं लागतात, बक्षिसं वाटली जातात, पण धंदा एकही उभा राहत नाही. ते का, हाही प्रश्न आहे.

मॅडम, आधी रक्ताचं बघू. १९६४ च्या सुमारास डेव्हिड मॅक्लेलंड या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञानं आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या धंदेवाल्यांना हैदराबादला बोलावून दहा दिवसांचं प्रशिक्षण दिलं. नंतर त्यांच्यावर लक्ष ठेवलं आणि प्रशिक्षण न घेतलेल्यांशी त्यांना ताडून पाहिलं. शिकून गेलेल्यांनी जास्त हातपाय हलवले होते. कुणी नवा धंदा काढला, कुणी जुन्यात भांडवल ओतलं. म्हणजे शिकवता येतं. पण काय शिकवलं ते महत्त्वाचं. त्यांना हिशेब किंवा विक्रीकला शिकवली नव्हती. स्वतःसाठी लक्ष्य कसं ठरवायचं, धोका किती घ्यायचा, चुकलं तर परत कसं उभं राहायचं, याचा सराव करून घेतला होता.

मॅक्लेलंडचा एक खेळ मी गेली वीसेक वर्षं पहिल्या तासाला खेळतो. एक खुंटी, काही रिंगा. कुठे उभं राहून टाकायच्या ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही साधून दाखवायची ओढ असलेली माणसं खुंटीला चिकटून उभी राहत नाहीत आणि भिंतीपाशीही जात नाहीत. जमेल, पण जोर लावावा लागेल, अशी जागा धरतात. नववीतली पोट्टी काय करतात? निम्मी टाळ्यांसाठी शेवटच्या बाकापासून रिंग भिरकावतात. चारदोन हुशार, गुण जायला नको म्हणून, खुंटीवर जवळजवळ नेऊन ठेवतात. हे झालं की मी नियम बदलतो. प्रत्येक रिंगेचा एक रुपया, खिशातला. बसली तर अंतराप्रमाणे परत मिळणार, नाही तर गेला. दुसऱ्या फेरीत सगळा वर्ग न सांगता पुढे सरकतो. त्या सरकण्यावर उरलेला तास बोला. दुसरं काही तयार करून न्यावं लागत नाही.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो. हेडसरांच्या मनात बहुधा आनंद मेळावा आहे: स्टॉल लागतील, पालक कुपनं घेतील, संध्याकाळी ‘आमच्या विद्यार्थ्यांनी इतक्या हजारांचा व्यवसाय केला’ अशी बातमी जाईल. हे टाळा. का ते सांगायला आपल्याकडचाच एक शब्द आहे.

तान्हा पोळा तुम्हाला ठाऊकच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तिकडे मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि इकडे पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात. घरची माणसं बैलाला ओवाळतात, पोराच्या हातावर पैसे ठेवतात. तो बोजारा. बोजारा मिळतो कारण देणाऱ्याला पोराचं कौतुक असतं. बैल साधा असो की चाकं लावलेला मोठा, बोजारा मिळतोच. विक्रीत तसं नसतं. अनोळखी माणूस त्याच्या गरजेपोटी, चार दुसऱ्या वस्तू सोडून तुमची उचलतो आणि पैसे देताना त्याला तुमचं कौतुक अजिबात नसतं.

आनंद मेळाव्यातला सगळा गल्ला बोजारा असतो. मावशीनं वीस रुपयांची भेळ घेतली आणि पन्नास ठेवून गेली. त्यातून मूल एकच गोष्ट शिकतं, की आपण काहीही केलं तरी लोक घेतात. मग तेविसाव्या वर्षी दुकान टाकतं आणि पहिल्या महिन्यात गोंधळून जातं, कारण नातेवाईक एकदाच येतात. म्हणून माझ्या वर्गाचा एकच नियम आहे: आईवडील, नातेवाईक, शिक्षक आणि बापाच्या ऑफिसातले लोक यांना विकलेलं वहीत विक्री म्हणून लिहायचं नाही. त्याच्यासाठी वेगळा रकाना, डोक्यावर ‘बोजारा’. पोरांना हा शब्द लगेच कळतो. आधी ‘मार्केट व्हॅलिडेशन’ हा शब्द वापरून पाहिला होता, कोणाला काही कळलं नाही.

भांडवलाचं म्हणाल तर दिल्ली सरकारनं २०२१ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना बिझनेस ब्लास्टर्स योजनेत प्रत्येकी २,००० रुपये दिले होते. आपल्याला एवढं लागत नाही. चार-चारच्या गटाला शाळेकडून दोन-तीनशे रुपये पुरतात, उरलेलं गटानं वर्गणीनं काढावं. शाळेचे पैसे मात्र उसने द्या आणि सगळ्यात आधी परत घ्या. परत न मागितलेले पैसे म्हणजे पुन्हा बोजारा.

एका गटाचा हिशेब मांडतो. आकडे समजायला सोपे केले आहेत. दिवाळीनंतर आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या घाऊक बाजारात येतात. चार पोरांनी वीस किलोचं एक क्रेट ६०० रुपयांना घेतलं. ऑटोचे ८० आणि पिशव्यांचे २० धरून खर्च ७०० रुपये. घरी आणून त्यांनी संत्री निवडली. मोठी, चकचकीत आठ किलो ६० रुपयांनी गेली, त्याचे ४८०. मधली सात किलो ४० रुपयांनी, २८०. बारीक-हिरवट तीन किलो २० रुपयांनी, ६०. दोन किलो नासली. एकूण आले ८२०. नफा १२० रुपये! पोरं नाचायला लागली. मी विचारलं, किती वेळ गेला? पहाटेची कळमन्याची खेप, निवडणं, सोसायटीच्या गेटवर उभं राहणं धरून माणशी पाच तास. चौघांचे वीस तास. एकशे वीस भागिले वीस.

तासाला सहा रुपये. वर्ग चिडीचूप.

इथंच थांबलात तर पोरं ‘धंद्यात काही राम नाही’ एवढंच घेऊन घरी जातील. पुढचे दोन तास ‘मग काय बदलाल?’ यावर घालवा. कुणी म्हणालं भाव वाढवू. कुणी म्हणालं, दोन क्रेट आणली तरी ऑटो तेवढाच. कुणी म्हणालं, बारीक संत्र्यांचा रस काढू. मग रसाला बर्फ, गाळणी, पेले, आणि रस तासाभरानं कडवट लागतो हे प्रयोग करूनच कळलं. तुम्ही विज्ञान शिकवता, कडवटपणाचं कारण पोरांना तुम्हीच सांगू शकाल. आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तोवर वर्षभरात दोन वाक्यं बोलला नव्हता, तो म्हणाला, ‘दुपारच्या उन्हात काहून ठेवले? ओला बारदाना टाकाचा. अन् बारीक माल सकाळीच काढून टाकाचा, संध्याकाळी त्याले कोणी इचारत नाही.’

त्याच्या वडिलांचा सक्करदऱ्याकडे फळांचा ठेला होता. हे वर्गात कुणालाही माहीत नव्हतं आणि माहीत होऊ नये याची त्यानं काळजी घेतली होती. त्या तासानंतर तो आपोआप वर्गाचा गुरू झाला असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी दोन पोरांनी त्याला ‘ए संत्रेवाला’ म्हटलं आणि तो आठवडाभर आला नाही. चूक माझी होती. त्याला उत्तर आलं तेव्हा मी कौतुकानं ‘तुला कसं ठाऊक?’ असं सगळ्यांसमोर विचारलं होतं. आता मी घरच्या धंद्याबद्दल वर्गात कधी विचारत नाही. त्याऐवजी प्रत्येक गटाला एका ठेलेवाल्याशी, शिंप्याशी किंवा किराणा दुकानदाराशी बोलून यायला सांगतो. ज्याच्या घरी धंदा आहे तो गुपचूप घरीच विचारतो आणि त्याचा गट बरोबर पुढे जातो.

नागपूरच्या मराठी घरातली ही गाठ तुमच्या वर्गात येणारच. इतवारी आणि गांधीबागचा व्यापार आपला नाही, आपली नोकरी, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो आहोत. पालकसभेत कुणीतरी म्हणेलच, ‘पोराला संत्री विकायला शाळेत घातलं का?’ वाद घालू नका. त्यांना वही दाखवा. टक्केवारी, सरासरी, नासाडीचं प्रमाण हे सगळं गणित पोरानं स्वतः केलेलं दिसलं की निम्मे गप्प बसतात. उरलेल्यांच्या पोरांना हिशेबनीस करा.

वही कशी असावी? आले, गेले, उधार, बोजारा असे चार रकाने आणि रोजच्या तारखा. उधारीवर मात्र अख्खा तास द्या. ‘उद्या देते रे बाळा’ म्हणणाऱ्या काकूकडून चाळीस रुपये वसूल करणं हे त्यांना विकण्यापेक्षा अवघड असतं. एका गटानं तर ‘पैसे मागायला लाज वाटते’ म्हणून उधारी सोडून दिली होती. मागायचं कसं, तोंडी, हसून, पण तारीख घेऊन, हे वर्गात दोघांना उभं करून बोलायला लावा. पोरं खूप हसतात आणि नेमकं शिकतात.

आईच्या मजुरीचा रकाना मी नंतर वाढवला. मुलींच्या एका गटानं करंज्या विकून चांगला नफा दाखवला होता. खोदून विचारल्यावर कळलं, तळण आईचं, गॅस घरचा, पीठ डब्यातलं. मी सांगितलं, आईला तिचा दर विचारून या. आईनं जो दर सांगितला तो भरला असता तर गट बुडाला असता. वर ती माऊली मला भेटल्यावर म्हणाली, ‘सर, आता ही पोट्टी रोज रात्री माझ्याशी भाव करते.’ त्या गटानं पुढच्या खेपेला करंज्या सोडल्या आणि आईशिवाय होईल असं काम घेतलं: जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून कच्च्या वह्या. कमाई कमी, पण सगळी त्यांची.

गुण नफ्यावर देऊ नका. दिलेत की बापाचे पैसे गल्ल्यात येतात. ते पकडायची युक्ती सोपी आहे. तेरा रुपयांची वस्तू विकली असेल तर बेरीज तेराच्या पटीत यायला हवी. वहीत बरोबर २०० असतील तर कुठून तरी नोट आत आली आहे. मी वहीच्या खरेपणाला निम्मे गुण देतो आणि ‘तोटा कुठं झाला’ हे ज्याला बोट ठेवून सांगता येतं त्याला उरलेले. माझ्या वर्गात सर्वांत जास्त गुण मिळालेला गट ९० रुपयांनी बुडालेला होता.

कायद्याचं थोडक्यात. १८७२ च्या करार कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या मुलाला करार करता येत नाही, त्यामुळे कर्जाचे कागद किंवा मुलाच्या नावानं ऑनलाइन दुकान या भानगडीत पडू नका. पालकांची लेखी संमती घ्या. एकट्या मुलाला दारोदार पाठवायचं नाही, चौघं एकत्र आणि मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात. खाण्याचे पदार्थ नियमित विकायचे असतील तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. एका दिवसाच्या वर्गप्रयोगाला शिजवलेलं अन्न टाळलेलंच बरं, पोट बिघडलं तर तुमची नोकरी जाईल.

मधल्या एका तासाला गोष्ट सांगायची असेल तर अमेरिकेतल्या गॅरेजची नको. गांधीसागर तलावापर्यंत पोरांना चालवत न्या. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून कापसाच्या मुलखात गिरणी काढायची ठरवली, कारण कापूस इथे, कोळसा वरोऱ्याला आणि रेल्वे दारात. गिरणीसाठी जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जमीन घेऊन भर घालायला लागले तेव्हा लोक हसले. इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला आणि गिरणी चालल्यावर कबूल केलं की या माणसानं जमिनीत सोनं नव्हतं पुरलं, माती टाकून सोनं काढलं, असं सांगतात. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली.

इथवर सगळे सांगतात. पोरांना पुढचं सांगा. पहिली यंत्रं हलकी निघाली, बदलावी लागली. मॅनेजर म्हणून आणलेले बेझनजी मेहता रेल्वेच्या मालखात्यातले, गिरणीचा अनुभव शून्य. १८८३ मध्ये रिंग स्पिंडल हे सूत कातायचं नवं यंत्र आलं तेव्हा टाटांनी गिरणी त्याच्यावर उधळली नाही, थोडी यंत्रं आणून आधी चालवून पाहिली. रिंगेच्या खेळातलं मधलं अंतर ते हेच. आणि २००२ मध्ये गिरणी बंद पडली, त्या जागेवर आज मॉल उभा आहे, हेही सांगा. सव्वाशे वर्षं चाललेला धंदा का बंद पडतो यावर नववीची पोरं आपल्याला वाटतं त्याहून बरं बोलतात. काहींचे आजोबा तिथंच कामाला होते.

आता दिरांचं. पोस्टर, पिचिंग, चेक हातात धरलेला फोटो, हा सगळा मोठ्या पोरांचा बोजाराच आहे. परीक्षक टाळ्या वाजवतात, ग्राहक नसतो. मी त्यांच्या जागी असतो तर स्पर्धेच्या प्रवेश अर्जावर एकच अट छापली असती: अनोळखी ग्राहकाकडून पैसे मिळाल्याची एक पावती जोडा, पाचशेची चालेल. पहिल्या वर्षी अर्ज शंभरावरून सहावर येतील. त्या सहांवर काम करा.

पावती कुठून मिळेल? हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत लहान शेड आहेत. मालकाला वेळ नसतो, पण अडचणी ढीगभर असतात: एखादं फिक्स्चर नीट बसत नाही, भंगाराचा हिशेब लागत नाही, स्टॉक अजून कागदावर आहे. पोरांनी ‘आमच्याकडे आयडिया आहे’ म्हणत जाऊ नये. अर्धा दिवस शेडमध्ये उभं राहावं आणि मालक कशावर चिडतो ते लिहून आणावं. मोठ्या कल्पनांचं मला वावडं नाही, पण माझ्या पाहण्यात टिकलेली पोरं जवळजवळ सगळी अशाच कुणाच्या तरी चिडचिडीतून सुरू झालेली आहेत.

आणि त्यांना पैसे मिळायला किती दिवस लागतात ते शिकवा. माझं स्वतःचं हिंगण्याला फॅब्रिकेशनचं शेड होतं. काम भरपूर, वेल्डर उत्तम, आणि ऐंशी टक्के माल एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला. तो नव्वद दिवसांनी पैसे द्यायचा, पुढे एकशे वीस. पोलादवाला मात्र रोख मागायचा. पुस्तकात नफा दिसत असताना मी शेडला कुलूप लावलं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. कायदा मला ठाऊक होता. एकुलत्या एक गिऱ्हाइकावर तो लावायचा कसा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. दिरांनी कॉलेजात हे शिकवावं: दुसरं गिऱ्हाईक हातात आल्याशिवाय पहिल्याशी भांडता येत नाही.

कर्जाच्या योजनांची व्याख्यानं होतातच, तीही त्यांनी जरा सावधपणे ठेवावीत. पीएमईजीपी या केंद्र सरकारच्या रोजगार निर्मितीच्या कर्जयोजनेत प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं हे पोरं ऐकतात. ते हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकतं, हे कोणी ऐकत नाही. अनुदान वजा करून जो धंदा चालत नाही त्याच्यासाठी जिल्हा उद्योग केंद्राचा जिना चढू नये. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षणं घेतं, ती चांगली असतात. पण वरची पावती खिशात असलेल्या पोराला ती जास्त लागू पडतात.

मॅडम, तुमच्यासाठी शेवटचं. पोरांबरोबर कळमन्याला पहाटे पालकांपैकी एकाला घेऊन जा. लिलावात तुम्हाला एक क्रेट कुणी देणार नाही. लिलाव उरकल्यावर माल उचललेला छोटा व्यापारी सुटं क्रेट देतो. वरचे थर फार सुंदर असतात, तळाशी हात घालून पाहा. क्रेटची अनामत वेगळी मागतात आणि रिकामं क्रेट परत नेलं की ती मिळते. ती वहीत लिहायला सगळे गट विसरतात. संध्याकाळी नफा कमी का भरला म्हणून अर्धा तास डोकं खाजवत बसतात आणि क्रेट कुणाच्या तरी अंगणात झाडाच्या कुंड्या ठेवायला गेलेलं असतं.